कणसाने काढलेला ब्रॅकेट

प्रश्न : मंडईत भाजलेलं कणीस खाताना दातावरचा सिरॅमिकचा ब्रॅकेट निघाला. तोच पुन्हा बसेल का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे

उत्तर : अखंड असेल तर बहुतेक वेळा बसतो. कोपऱ्याचा टवका उडाला असेल, तर मात्र नवाच घ्या. सिरॅमिक ठिसूळ, तार बसवताना तडकतं.

खरं काम ब्रॅकेटच्या पाठीचं. तिथे दाताला चिकटवणारं जुनं कॉम्पोझिट उरलेलं असतं. ते ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या फवाऱ्याने, हलक्या हाताने काढतात. जोर झाला तर पकड देणारे खाचखळगेच झिजतात. काही जण हे कॉम्पोझिट ज्योतीवर जाळतात. मला ते पटत नाही, रंग बिघडू शकतो. मग सायलेन लावायचं, म्हणजे सिरॅमिक आणि नवं कॉम्पोझिट यांची सोयरीक जुळते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल इथे फारसं कामाचं नाही. ते काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकवर चालतं, हे ब्रॅकेट ॲल्युमिनाचे.

दातावरचं उरलेलं कॉम्पोझिटही तासून काढून, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून, धुऊन, दात खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत सुकवतात. त्यावर लाळ लागली की पुन्हा पहिल्यापासून!

घरी फेव्हिक्विक लावू नका. ब्रॅकेट डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. आणि कणसाचे दाणे सोलून खा.