सातबाऱ्यावरची तीन अक्षरे

आपण आता वाचायला शिकलो. चला, घरातला सातबारा काढा आणि वाचा. मालकाच्या नावापाशी कधी कधी तीन अक्षरे असतात. अ. पा. क.

अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे. कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाला अज्ञान म्हणतात. जमीन मुलाची आहे, सांभाळणारा दुसरा आहे, एवढेच ही अक्षरे सांगतात.

समजा, कल्याण तालुक्यातले एक गाव आहे. तिथे बारा वर्षांची एक मुलगी आजीजवळ, म्हणजे आईच्या आईजवळ राहते. तिचे आईबाप दोघेही वारले. भावाभावांची वाटणी आधीच झाली होती. बापाच्या वाटणीची वीस गुंठे जमीन मुलीच्या नावावर आली. खाली लिहिले आहे, अ. पा. क. चुलता.

समृद्धी महामार्ग कल्याण, भिवंडी, शहापूर या तालुक्यांतून गेला. डोंबिवली, कल्याण वाढतच आहेत. जमिनीला भाव आला. चुलत्याकडे गिऱ्हाईक आले. तो आजीकडे आला नि म्हणाला, "मावशी, विकून टाकू. पोरीच्या लग्नाला पैसे होतील. सातबाऱ्यावर माझंच नाव आहे ना!"

आजी म्हणाली, "नाव आहे, पण तुझ्या नावामागं तीन अक्षरं आहेत. त्यांचं काय ते विचारून येते."

चुलता काही वाईट माणूस नाही. पण त्याची समजूत चुकीची आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे कायद्याने पालक झालो, असे होत नाही. हिंदू कुटुंबात बाप आणि आई हे नैसर्गिक पालक. ते नसतील आणि त्यांनी मृत्युपत्रात कोणाला नेमलेले नसेल, तर पालक कोर्ट नेमते. चुलता, मामा, आजी यांनी मुलाला कितीही मायेने वाढवले, तरी कोर्टाच्या नेमणुकीवाचून त्यांना मुलाची जमीन विकता येत नाही. हे 1956 च्या कायद्यात आहे.

आईबापांनासुद्धा मुलाची स्वतःची जमीन कोर्टाला न विचारता विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. विकली, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकते. घेणाऱ्यानेही हे ओळखावे. (एकत्र कुटुंबातल्या, वाटणी न झालेल्या जमिनीचा नियम निराळा आहे. तो वकिलाला विचारावा.)

आईविषयी एक गोष्ट सांगायला हवी. बाप जिवंत असताना आईच्या सहीला किंमत नाही, असे पुष्कळ दिवस मानत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. 1999 साली निकाल लागला. बाप मुलाकडे पाहत नसेल, दूर असेल किंवा दोघांनी तसे ठरवले असेल, तर आईही पालक आहे, असे कोर्टाने सांगितले.

आता आजीने काय करावे? पालक नेमण्याचा कायदा 1890 सालचा आहे. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. मूल जिथे राहते, तिथल्या जिल्हा कोर्टाकडे अर्ज करायचा. आपल्याकडे जिल्हा कोर्ट ठाण्याला आहे, कल्याणलाही कोर्ट आहे. अर्ज नेमका कुठे लावायचा ते वकील सांगेल. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. बायकांना आणि मुलांना सरकारकडून फुकट वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय विचारा. जाताना मुलीचा जन्मदाखला, आईबापांचे मृत्युदाखले आणि सातबारा बरोबर न्या.

कोर्ट जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढते. ज्याची हरकत असेल, त्याने ती तिथे सांगावी. मग कोर्ट एकच गोष्ट पाहते : मुलीचे हित कशात आहे? मुलगी जाणती असेल, तर तिलाही विचारते. सांभाळाला एक पालक आणि मिळकतीला दुसरा, असेही नेमता येते. म्हणजे मुलगी आजीजवळ राहील आणि जमीन चुलता पाहील, असे होऊ शकते. कोर्ट त्याच्याकडून हिशेब मागू शकते. त्याने गडबड केली, तर त्याला काढूही शकते.

नेमणूक झाली तरी जमीन विकायला पुन्हा कोर्टाची परवानगी लागते. गरज काय, मुलीचा फायदा काय, ते दाखवावे लागते. परवानगी देताना कोर्ट पैसे मुलीच्या नावे बँकेत ठेवायला सांगू शकते.

जुनी माणसे अजून म्हणतात की, कोर्टाने पालक नेमला तर मूल 21 वर्षांचे होईतो अज्ञान असते. पूर्वी तसे होते खरे. 1999 साली ते बदलले. आता 18 वर्षे पुरी झाली की पालकाचा अधिकार संपला. मग मुलीने जन्मदाखला घेऊन तलाठ्याकडे जावे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि ती तीन अक्षरे काढून टाकण्याचा अर्ज द्यावा.