जुन्या मोटारीचा गुदमरा

जुनी मोटार अडखळूं लागली कीं लोक प्रथम कार्ब्युरेटर खोलतात; आम्हांस हा उतावळेपणा वाटतो. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा मिसळणें, हें त्याचें काम. काळा धूर निघाल्यास पेट्रोल बहुधा अधिक; कार्ब्युरेटरांतून उलट फटाके वाजल्यास कमी. परंतु मुळांत पेट्रोल तेथवर पोंचतें काय? गाडी कांहीं मैल नीट धांवून थांबते व घटकाभरानें पुन्हां चालते, तेव्हां टांकीचें झांकण सैल करावें (जवळ विडी पेटलेली नसावी!). हवा आंत शिरल्याचा आवाज आल्यास झांकणाचें छिद्र बुजलें समजावें. तेथें सुई पुरते.

१९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीस पेट्रोलचा पंपच नव्हता. पेट्रोल केवळ उतारानें येई. टांकींत तें थोडें असतां उभ्या चढावर इंजिन उपाशी राही. मग चालक गाडी फिरवून उलट्या चालीनें चढवीत, म्हणजे टांकी वर येई.