आवड-चाचणीचा कौल कितपत मानावा?

प्रश्न : दहावीनंतर शाखा निवडताना मुलीच्या आवड-चाचणीवर कितपत विसंबावे?

उत्तर : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून विकसित केलेल्या सिद्धान्तात व्यावसायिक आवडींचे वास्तवनिष्ठ, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि व्यवस्थाप्रिय असे सहा प्रकार असून, अनेक चाचण्या त्यावरच बेतलेल्या आहेत. मात्र ‘यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?’ या प्रश्नाला, जिच्या हाती घरच्यांनी कधी पान्हा-पक्कडच दिली नाही ती मुलगी ‘नाही’ म्हणते, तेव्हा नोंदला जातो तो अनुभवाचा अभाव, नावड नव्हे. शिवाय आवड आणि अभिक्षमता, म्हणजे एखादे कौशल्य आत्मसात करण्याची कुवत, या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून केवळ गुणांकावरून शाखा ठरवू नये. पालकांनी मुलीला कार्यशाळा, प्रयोगशाळा, कचेरी प्रत्यक्ष दाखवावी आणि मगच प्रवेशअर्ज भरावा.