‘शाय’, लाज आणि भीड : एका अर्थक्षेत्राचा तौलनिक विचार

इंग्रजीतील ‘शाय’ या विशेषणाचे मराठी भाषांतर करताना ‘लाजाळू’ हा प्रतिशब्द सहज हाताशी येतो. तो सर्वत्र चुकीचा नसला, तरी पुष्कळदा अपुरा पडतो आणि क्वचित मूळ पात्राचा स्वभावच पालटून टाकतो. हे का घडते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

‘शाय’चा जुना अर्थ ‘चटकन बिचकणारा’ असा आहे. घोडा दचकून बाजूला सरतो, त्या क्रियेसाठी इंग्रजीत आजही हेच क्रियापद योजतात. एकदा चावा बसलेला माणूस पुढच्या खेपेस दुप्पट ‘शाय’ होतो, या इंग्रजी म्हणीत लाजेचा लवलेश नाही. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणाऱ्याची ती सावधगिरी आहे. शेजारच्या शब्दांचा उगमही निराळा. ‘बॅशफुल’मध्ये ओशाळून गोंधळणे आहे. ‘कॉय’ मूळच्या ‘शांत’ या अर्थावरून लटक्या लाजेपर्यंत आला. ‘डिफिडंट’मध्ये अविश्वास आहे, तो आरंभी इतरांविषयीचा होता, पुढे स्वतःविषयीचा झाला. मानवी व प्राणी भावनांच्या आविष्कारावरील 1872 च्या ग्रंथात डार्विननेही शरम, बुजरेपणा आणि विनय यांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

मराठीत हे अर्थक्षेत्र मुख्यतः लाज, बुजणे, संकोच आणि भीड या चार शब्दांत विभागलेले आहे. त्यांतील भेद वाक्यरचनेतच दिसतो. ‘मला लाज वाटते’ येथे भावना स्वतःपुरती पुरी होते. ‘मूल परक्या माणसाला बुजते’ येथे भीतीला बाहेरचे कारण लागते. बैल बुजतो तसेच हे बुजणे असल्याने ‘शाय’च्या मूळ अर्थाशी ते सर्वांत जवळचे ठरते. ‘विचारायला संकोच वाटतो’ येथे अडसर कृतीपाशी आहे. ‘मला त्यांची भीड वाटते’ येथे मात्र षष्ठीने दुसरी व्यक्ती वाक्यात आणावीच लागते. भीड कोणाची तरी असते. ती पडते, घालता येते, मोडता येते आणि सरावाने चेपतेही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण तिचा व्यावहारिक तोटाही सांगते.

लाजेचा पसारा तर त्याहून मोठा. नववधूची लाज, कुकर्माची लाज आणि कुळाची राखायची लाज ही सारी एकाच शब्दात सामावतात. नाट्यशास्त्रातील तेहेतीस व्यभिचारी भावांत ‘व्रीडा’ आहे. पण भरताने तिचा संबंध प्रामुख्याने अनुचित कृत्याशी जोडला आहे. म्हणजे ती ‘शाय’ माणसाची अवस्था नव्हे.

हा भेद भाषांतरात किती निर्णायक ठरतो, हे गोल्डस्मिथच्या ‘शी स्टूप्स टू कॉंकर’ (1773) या नाटकावरून ध्यानात येईल. त्यातील मार्लो कुलीन स्त्रियांपुढे मान वर करू शकत नाही, पण खानावळीतील दासी समजून त्याच तरुणीशी सलगीने बोलतो. त्याला ‘लाजाळू’ म्हटले तर दुसरा प्रवेश विसंगत ठरतो. ‘बुजरा’ म्हटले तर तो निव्वळ भित्रा वाटतो. त्याला वाटते ती प्रतिष्ठेची भीड. ती वर्गानुसार पडते आणि वर्गानुसार नाहीशी होते, यातच नाटकातील विनोद आणि त्यामागची टीका आहे. ‘भिडस्त’ हा शब्द येथे मूळ विशेषणापेक्षाही अधिक नेमके काम करतो.

दिल्लीत मराठी शिकविताना या शब्दाची आणखी एक अडचण जाणवते. हिंदीभाषक विद्यार्थ्याला ‘भीड’ म्हणजे गर्दी. त्याच्या भाषेतील ‘झिझक’ ही संकोचाजवळ जाते, ‘शर्मीला’ लाजाळूजवळ. पण भिडेला जवळचे शब्द आहेत ‘लिहाज’ आणि ‘मुरव्वत’. यांपैकी दुसरा मराठीत ‘भीडमुर्वत’ या जोडशब्दात नांदतोच आहे. एकाच लिपीतील सारख्या रूपाने चकवावे आणि फारसी वाटेने आलेल्या शब्दाने अर्थ उलगडावा, हा भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात वारंवार येणारा अनुभव आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. तेव्हापासून द्विभाषिक कोशांनी आपल्याला प्रतिशब्द पुरविले. त्यांतून निवड मात्र संदर्भानेच करावी लागते. आज शहरी मराठी घरांत ‘तो जरा शाय आहे’ असे सर्रास म्हणतात. आक्षेप परक्या शब्दाला नाही. ‘शरम’ही बाहेरूनच आली आणि रुळली. प्रश्न असा की, या एका विशेषणाने भीती, लाज, संकोच आणि भीड ही सारी एका व्यक्तीच्या स्वभावात जमा होतात. मूल वर्गात बोलत नाही, याचे कारण कधी त्याच्या स्वभावात असते, तर कधी समोरच्याच्या दराऱ्यात. ‘भीड’ हा शब्द त्या समोरच्या माणसालाही जबाबदार धरतो. तो मावळला, तर त्यासोबत हा प्रश्न विचारण्याची सवयही मावळेल.