नाव ठेव, पण तिला विचारून

अगं, सासूबाईंनी लेकीसाठी नवं नाव शोधलंय म्हणालीस. शोधू दे की! हौस आहे त्यांची. फक्त लेक पाच वर्षांची आहे, हे विसरू नकोस. दत्तक संस्थेत ठेवलेलं असलं तरी ज्या नावाला ती ओ देते, ते तिचंच आहे. दोन-तीन नावं तिच्यापुढे ठेव, तिला निवडू दे. जुनं नाव हाकेपुरतं राहिलं तर बिघडलं कुठे? पाळण्यातलं एक आणि घरातलं दुसरं, असं आपल्याकडे घरोघरी असतंच.

आता कागदांचं. सध्या ती दत्तकपूर्व संगोपनात आहे ना, मग दत्तकाचा आदेश होण्याआधीच नाव पक्कं करा. संस्थेतल्या सोशल वर्करताईंना ते लेखी दे आणि आदेशात जुनं-नवं दोन्ही यावं, असं सांग. आदेश कोर्टाचा असो की जिल्हाधिकाऱ्यांचा, त्यावरूनच आई-वडील म्हणून तुमची नावं असलेला जन्मदाखला निघतो. तो हातात आला की खिडकीपाशीच वाचून काढ: तिचं नाव मराठीत, इंग्रजीत, जन्मतारीख, तुमची नावं. एक वेलांटी चुकली तर आधार, पासपोर्ट, सगळीकडे तीच चूक चढत जाते.

आदेशात नवं नाव राहूनच गेलं, तर राजपत्रात नावबदल करता येतो. ती अज्ञान आहे, म्हणून पालक या नात्याने अर्ज तुम्हीच करायचा, ऑनलाइन होतो. पण जे काय ते शाळाप्रवेशाआधी उरका. जनरल रजिस्टरला चढलेलं नावच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं, आणि पुढे ते बदलायचं म्हणजे हेलपाटे.

आणि हो, जुन्या नावाचं लसीकरणाचं कार्ड फेकू नकोस. आदेशाच्या प्रतीसोबत जपून ठेव. डॉक्टरांना डोसांच्या तारखा लागतात, आणि उद्या लेक स्वतःच विचारेल, मी लहानपणी कुठे होते? तेव्हा तिच्या हातात द्यायला काहीतरी हवं.

कुणी म्हणेल, जुनं सगळं पुसून टाक, तिला कळायलाच नको. ऐकू नकोस गं. हे तिला तुझ्याच तोंडून, लहानपणापासून सहज कळत गेलं पाहिजे. शेजारणीकडून कळलं तर ते फार लागतं.

तर आज रात्री तिला मांडीवर घेऊन विचार. ठरलं की फोन कर. कागद द्यायला मीही येते सोबत.