दुसरी उसळी

गाडी घेतलीस, बरं केलंस. आता एवढं ऐक: एक्झॉस्ट, रिमॅप, मोठे टायर हे सगळं नंतर. आधी शॉकअप. तुझ्या या जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती देतं आणि आजच्या रस्त्यांवरही ती पुरून उरते. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ साली सुरू झाला, तेव्हापासून आमच्या भागात ऑक्टाव्हिया घरची झाली. या गाड्यांची इंजिनं लोकांनी जपली, तेल वेळेवर बदललं. शॉकअपमधलं तेल मात्र कुणी बदलत नाही, ते आतल्या आत थकत जातं. वेगाच्या गाडीत शॉकअप हा आरामाचा भाग नसतो. चाक जमिनीला धरून ठेवणं हे त्याचं काम. ब्रेक असो, स्टीअरिंग असो, एबीएस असो, चाक जमिनीवर असेल तरच त्यांना काही करता येतं. माझ्या वस्तादांनी मला हेच सगळ्यात आधी शिकवलं होतं.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. तिला एकदा दाबलं की ती कितीतरी वेळ वरखाली होत राहणार. शॉकअप तिला आवरतो. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक व्हॉल्व्हमधून जबरदस्तीनं निघतं आणि उसळीतली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून ताम्हिणी उतरून आलास की गाडी उभी कर आणि चारही शॉकअपच्या नळ्यांना बेतानं हात लाव. ब्रेकची डिस्क तापलेली असते, तिला चुकूनही शिवू नकोस. तीन नळ्या कोमट आणि एक गार लागली, तर ती गार नळी कामच करत नाहीये असं समज.

चालवणाऱ्याला हा बिघाड सहसा कळत नाही, कारण तो एका दिवसात होत नाही. रोज थोडं कमी होतं आणि हात त्याला सरावतात. त्यासाठी ठरवून बघावं लागतं. बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबायची नि सोडायची, ही सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा. गाडी वर येऊन थांबली तर बरं, पुन्हा खाली जाऊन पुन्हा वर आली तर संपलं. पण या परीक्षेत पास झालेला शॉकअपही वेगात नापास होऊ शकतो, कारण हातानं दाबताना पिस्टन फार सावकाश हलतो. खरी परीक्षा रस्त्यावर. ओळखीच्या गतिरोधकावरून नेहमीच्या चालीनं जा आणि दुसरी उसळी मोज. पहिली प्रत्येक गाडीला येते, दुसरी यायला नको. रात्री समोरच्या भिंतीवर किंवा पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीवर तुझ्या हेडलाइटचा उजेड बघ. तो एकदा हलून थांबतो की डुलत राहतो? पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना वळणात गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटते का? खडबडीत रस्त्यावर साधा ब्रेक दाबला तरी एबीएस खडखडतं का? ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं.

टायर तर पुरावाच देतो. तळहात टायरच्या कडेवरून गोल फिरव. ठिकठिकाणी वाटीसारखी झीज लागली, तर ते चाक रस्त्यावर उड्या मारत चाललं होतं. अशा वेळी लोक नुसते टायर बदलतात आणि काही महिन्यांत नवे टायरही तसेच करून बसतात.

नळीवर तेलाचा हलका थर दिसला, त्यावर धूळ बसली, तर घाबरू नकोस. दांड्याबरोबर थोडं तेल बाहेर येतंच. पण तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, तर सील गेलं. आणि उलटही ध्यानात ठेव: बाहेरून कोरडा दिसणारा शॉकअप आतून मेलेला असू शकतो. व्हॉल्व्ह झिजतात, वायूचा दाब उतरतो, तेलात फेस होतो, आणि बाहेर एक थेंब दिसत नाही.

आता खरेदी. एक कधीही बदलू नकोस, एका ॲक्सलचे दोन्ही एकदम. तुझ्या गाडीचं वय बघता मी चारही घेईन. नवे पुढे आणि थकलेले मागे, अशी गाडी भर वळणात ब्रेक मारल्यावर मागून हलकी होते, आणि वेगाच्या गाडीत ते फार वाईट. गॅरेजवाला शॉकअप भरून देतो म्हणाला, नळी कापून नवं तेल घालून वेल्डिंग करून देतो म्हणाला, तर नमस्कार करून निघ. रोज वीसच्या वेगानं बाजारात जाणाऱ्या टेम्पोचं ते कसंबसं भागवेल. आत किती वायू, कुठलं तेल, व्हॉल्व्हची काय अवस्था, हे कुणीच सांगू शकत नाही. तसंच स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर. गाडी खाली बसली की ते घालतात, चार दिवस छान वाटतं. त्यांनी वेटोळी अडकतात, स्प्रिंग जास्त ताठ होते आणि तिला आवरायचं काम आधीच थकलेल्या शॉकअपवर आणखी वाढतं. तुझ्या गाडीत कुणी घातले असतील, तर पहिल्याच दिवशी काढून टाक.

कुठले घ्यायचे? मूळच्या जातीचे, दुहेरी नळीचे घेतलेस तरी गाडी पुन्हा नव्यासारखी होते आणि आपल्या खड्ड्यांना तेच सोसतात. जास्त घट्ट हवे असतील तर एकेरी नळीचे, जास्त दाबाच्या वायूचे. बिलस्टाइननं १९५७ साली मर्सिडीजच्या गाड्यांवर ते पहिल्यांदा आणले. त्यांच्यात तेल आणि वायू यांच्यामध्ये सरकती तबकडी असते, म्हणून तापले तरी फेस होत नाही. लांब घाटात त्याचा फरक कळतो. त्यांच्याकडे बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ खाली केलेल्या गाडीसाठी, हा भेद विसरू नकोस. मूळ लांबीचा शॉकअप आखूड स्प्रिंगवर लावला तर पिस्टन सतत तळाशी काम करतो आणि लवकर मरतो. कोनीचे पिवळे घेतलेस तर त्यांचा उसळी आवरण्याचा जोर फिरवून ठरवता येतो, पण सुरुवात सगळ्यात मऊ बाजूनं कर. माझं मत विचारशील तर गाडी खाली करू नकोस. घट्टपणा म्हणजे पकड नव्हे. फार ताठ केलेलं चाक आपल्या रस्त्यावर खड्ड्यात उतरतच नाही, वरून उडी मारून जातं.

भाग मागवताना 'ऑक्टाव्हियाचे द्या' म्हणू नकोस. डिझेलची साधी ऑक्टाव्हिया आणि आरएस यांच्या स्प्रिंग वेगळ्या असतात. चासी नंबर दे, आणि डिकीत स्टेपनीच्या खोबणीजवळचं कागदी लेबल किंवा सर्व्हिस बुकातलं तेच लेबल बघून त्यावरचे कोड लिहून घे. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, तेही धुऊन बघ. आधीच्या मालकानं कुठली स्प्रिंग घातली हे त्यांवरून कळतं. आणि शॉकअपबरोबर बारीक सामान मागवलंच पाहिजे: वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉपर, धुळीचा बूट, आणि एकदाच वापरायचे सगळे नट-बोल्ट. पैसे वाचवायला लोक नेमकं इथेच हात आखडतात. या वयाच्या गाडीत बंप स्टॉपरला बोट लावलं की भुगा होतो. तो नसला की मोठ्या खड्ड्यात नव्या शॉकअपचा दांडा आत थेट आपटतो. जुनं बेअरिंग राहिलं तर स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग कुरकुरते, आणि दोष नव्या शॉकअपला लागतो.

कामाच्या आधी, गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेव. हा आकडा शेवटी लागणार आहे. मग गाडी उचल आणि घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेव. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, मिनिटभरासाठीसुद्धा नाही.

पुढच्या दोन्ही बाजू एकदम उचल. एकच बाजू लटकली तर स्टॅबिलायझरचा बार दुसऱ्या चाकाच्या जोरानं खेचत राहतो आणि काही सुटता सुटत नाही. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून, म्हणजे पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीवरून, मोकळी कर. बॉल जॉइंट लोअर आर्मला तीन बोल्टनी धरलेला असतो आणि तिथे तो थोडा सरकतो. सोडण्याआधी त्याची जागा टोकदार सुईनं आखून ठेव, नाहीतर चाकाचा कल बिघडेल. स्ट्रट चाकाचा हब धरणाऱ्या नकलमध्ये नुसता बसवून बोल्टनं चिमटलेला असतो. बोल्ट काढला तरी तो निघत नाही, वर्षानुवर्षांच्या गंजानं घट्ट झालेला असतो. इथे घाई झाली की लोक फटीत छिन्नी घालून हातोडा मारतात आणि नकलच तडकवतात. त्या फटीसाठी वेगळी चावी मिळते. ती घालून पाव फेरा फिरवली की फट उघडते. आधी ब्रशनं गंज काढ, गंज सोडवणारं तेल मार, चहा घेऊन ये, मग चावी फिरव. नकल खाली सुटली की तारेनं बांध. ती होजवर किंवा ड्राइव्ह शाफ्टवर लोंबकळता कामा नये.

वरचा नट बॉनेटमधून सोडायचा. आता नीट ऐक, इथे जिवाची गोष्ट आहे. दांड्यावर वर दोन नट असतात. बाहेरचा स्ट्रटला गाडीशी धरतो, आतला स्प्रिंगला दाबून धरतो. बाहेरचा काढून स्ट्रट खाली घ्यायचा. आतल्याला स्प्रिंग दाबल्याशिवाय स्पर्शसुद्धा करायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचं डोकं फोडायला पुरेल एवढा जोर साठलेला असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन हुक बरोबर समोरासमोर लाव, आळीपाळीनं थोडं थोडं आवळ, हातानं, इम्पॅक्ट गननं नव्हे. स्प्रिंग एका बाजूला वाकायला लागली की थांब आणि सैल करून पुन्हा लाव. तोंड, छाती, दुसरा माणूस, कुणीही स्प्रिंगच्या टोकासमोर नको. कॉम्प्रेसरचे आटे झिजलेले असतील तर ते काम त्या दिवशी करायचंच नाही. सरावाच्या गॅरेजात भिंतीला लावलेला कॉम्प्रेसर असतो, सुटा स्ट्रट तिथे नेऊन स्प्रिंग बदलून घेण्यात कमीपणा नाही.

दुहेरी नळीचा नवा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी तो उभा धर, दांडा सावकाश पूर्ण दाब, पूर्ण वर येऊ दे. असं चार-पाच वेळा कर. सुरुवातीला मध्येच पोकळ जागा लागते, मग ती जाते. न करता बसवलास तर पहिल्या दिवशी टकटक आवाज येईल आणि तू दुकानदाराशी भांडायला जाशील. दांड्याला पक्कड लावायची नाही. त्यावर एक चरा पडला तरी सील फाटतं. दांडा फिरायला लागला तर त्याच्या टोकात ॲलन की घालून धर आणि नट पान्यानं आवळ. गन मारलीस तर दांडा आत गरागरा फिरतो आणि नवं सील पहिल्याच मिनिटात घासतं. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलेलं आहे ना, हे बोट लावून बघ. स्ट्रटच्या मागची उभी पट्टी नकलच्या फटीत बसली पाहिजे, तोच त्याचा योग्य कोन.

मागचं काम सोपं आहे. तिथे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. फक्त शॉकअप सोडण्याआधी मागच्या ॲक्सलच्या बीमखाली जॅक टेकव, नाहीतर बीम धपकन खाली येईल.

यानंतरचा भाग जाणती माणसंही विसरतात. ज्या बोल्टच्या आजूबाजूला रबराचा बुश आहे, म्हणजे मागच्या शॉकअपचं खालचं टोक किंवा तू सोडला असशील तर लोअर आर्मचा बुश, तो चाक लटकलेलं असताना पक्का करायचा नाही. रबर धातूला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. लटकत्या अवस्थेत आवळलंस तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी उंच बसते, आणि थोड्याच दिवसांत बुश फाटतो. म्हणून चाकाखालची बाजू जॅकनं उचल, तू लिहून ठेवलेलं अंतर आलं की थांब, आणि मग टॉर्क रेंचनं आवळ. कंपनीच्या पुस्तकात आधी टॉर्क आणि मग अमुक अंश फिरव असं लिहिलेले बोल्ट ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. जुने तिथल्या तिथे भंगाराच्या डब्यात टाक, म्हणजे चुकून हाताशी येणार नाहीत. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला, आडवे-उभे आलटून पालटून, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपास.

अलाइनमेंट करून घे, पण त्याच दिवशी नवी स्प्रिंग घातली असेल तर दोनतीनशे किलोमीटर चालवून ती बसू दे, मग कर. तोवर वेग आवर. पुढच्या चाकांचा टो जुळवता येतो, मागचा बीम जसा आहे तसाच. मागचा आकडा फार चुकलेला आला तर बीमचा बुश किंवा जुना अपघात शोध.

काढलेले शॉकअप भंगारवाल्याला देताना आत दाबाचा वायू आहे असं तोंडानं सांग, आणि गॅसकटरनं कापू नको म्हण.