परदेशी विद्यार्थ्यांचा संभाषण-सोबती

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठात आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देशांचे विद्यार्थी शिकावयास येतात. ज्यांचे शालेय शिक्षण फार्सी वा अरबी माध्यमातून झालेले असते, त्यांना इंग्रजी वाचता येत असूनही बोलताना पुष्कळदा संकोच वाटतो. वर्गातील शंका मनातच राहते. दवाखान्यात दुखणे नीट सांगता येत नाही.

ही उणीव स्वयंसेवी संभाषण-सोबती भरून काढू शकतो. त्यासाठी अध्यापनाची पदवी लागत नाही. आठवड्यातील एक ठरलेला तास आणि ऐकण्याचा संयम पुरतो. बसचा मार्ग, भाजीचा भाव, बँकेतील अर्ज असे नित्याचे विषय घ्यावेत.

चुकांची कारणे ठाऊक असावीत. फार्सीत शब्दाच्या आरंभी जोडाक्षर येत नाही, म्हणून ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते. प्रमाण अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पेन’चे ‘बेन’ होते. अशा वेळी मध्येच अडवू नये. बोलणे पुरे होऊ द्यावे आणि मग तोच शब्द आपल्या वाक्यात शुद्ध उच्चारावा.

मराठी भाषकही इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनींसाठी एकच ‘व’ वापरतो. तेव्हा हा सोबती गुरू नव्हे, तर सहाध्यायीच होय. विद्यार्थ्याने वर्गात उभे राहून आपली शंका स्वतः विचारली, म्हणजे या सेवेचे सार्थक झाले.